ओवाळणीचं तिकीट

तबकात पाकीट पडलं तेव्हा माझ्या हातात निरांजन होतं आणि शिरीषच्या कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं.

"उघड की," तो पाटावर बसूनच म्हणाला.

"आधी तोंड गोड कर." मी अनारशांची ताटली पुढे केली.

"नंतर. आधी उघड."

एरवी तो साडी आणायचा. त्याचा संसार होता तोवर बायकोने निवडलेली, ती सोडून गेल्यावर दुकानदाराने निवडलेली. त्या वर्षी पाकीट होतं आणि पाकिटात विमानाचं तिकीट. मुंबई ते कोलकाता, पंधरा डिसेंबर. नाव माझं, कुंदा रणदिवे. जागा पहिल्या रांगेतली, खिडकीची.

"हे काय रे?"

"त्या दिवशी ते विमान मी नेणार आहे. तू बस. दोन दिवस कोलकाता बघू. येताना तुझ्या लाडक्या गाडीने परत ये, मी अडवणार नाही."

शिरीष माझा धाकटा भाऊ, विमानाचा कॅप्टन. आमचे वडील भुसावळला रेल्वेत गार्ड होते. आम्ही दोघं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलो. मी खिडकीतून मालगाडीचे डबे मोजायची आणि हा गच्चीवर उताणा पडून विमानं शोधायचा. गार्डाचा पोरगा वैमानिक झाला याचं बाबांना इतकं कौतुक की भाजीवालीलासुद्धा सांगायचे. आई एकदा त्याच्या विमानात बसली होती. सगळा वेळ डोळे मिटून बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "आपली गाडी बरी. निदान हलली की कळतं तरी." आईबाबा गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. मी लग्न केलं नाही, त्याचं टिकलं नाही. वर्षातून एकदा, भाऊबीजेला, तो भुसावळला यायचा. बाकी फोन.

आणि मी विमानात बसत नव्हते. ही भानगड झाली कॉलेजात. मी भूगोल शिकवायची. तापमानवाढीवर तावातावाने बोलत होते. भुसावळच्या पोरांना उन्हाळा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो आणि नळाच्या पाण्याने हात भाजतो. शेवटी मी म्हटलं, प्रत्येकाने एक तरी गोष्ट सोडा. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. "मॅडम, तुम्ही काय सोडणार?" माझ्या तोंडून निघून गेलं, "विमान."

तोवर मी विमानात एकदाही बसले नव्हते. काशीला जाऊन माणसं आवडती वस्तू सोडतात आणि काही चतुर लोक कारलं सोडून मोकळे होतात. माझं तसंच झालं होतं. शिरीष त्यावरून मला नऊ वर्षं चिडवत होता. पण मी ते पाळलं. गुवाहाटीच्या परिषदेला गाडीने गेले, दोन रात्री आणि अडीच दिवस. परदेशातलं एक बोलावणं आलं, ते सोडलं. ती मुलगी शिकून, लग्न होऊन निघून गेली. मला मात्र ते व्रत चिकटलं ते चिकटलंच.

"शिरीष, तुला माहीत आहे मी बसत नाही."

"माहीत आहे. एकदा बस. एकदाने काय होतं?"

"एकदाने काय होतं, असंच प्रत्येकजण म्हणतो. मुंबई-कोलकाता विमानाने गेलं की माणशी किती धूर होतो आणि गाडीने किती, कोष्टक दाखवू? कितीतरी पट आहे."

"तुझी गाडी काय तुळशीच्या काढ्यावर चालते? विजेवर चालते, आणि वीज कोळशातून येते. तो कोळसा कोण जाळतं?"

"गाडीत हजार-पंधराशे माणसं बसतात. तुझ्या नळकांड्यात एकशे ऐंशी."

तो हसला. इथवर सगळं नेहमीचं होतं. आमच्या घरात फराळाबरोबर हेच चालायचं. मग त्याने तिकीट उचललं, पुन्हा माझ्यापुढे धरलं आणि जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, "ताई, तू मला विमान चालवताना कधी पाहिलंच नाहीस."

त्या आवाजाकडे माझं लक्ष जायला हवं होतं. पण मी भांडणात जिंकत होते, आणि जिंकताना मला कधी काही ऐकू येत नाही. आई म्हणायची, कुंदाचा फणस आहे, गरे असतील आत पण आधी हात सोलून निघतात.

"वखारवाल्याच्या बहिणीने लाकडं जळताना बघायला जायचं असतं का?"

"मी नाही चालवलं तर दुसरा कोणी चालवेल. विमान काही थांबणार नाही."

"चोरही हेच म्हणतो," मी म्हणाले. आणि एवढ्यावर न थांबता, "खरं सांगू? तुझ्या पगाराला मला धुराचा वास येतो."

शिरीषने तिकीट पाटाशेजारी ठेवलं. मी तिकीट पाकिटात घातलं आणि पाकीट त्याच्या हातात परत दिलं.

"ओवाळणी परत करतात का गं?" तो हळूच म्हणाला.

"अशी ओवाळणी करतात."

त्याने पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं. अनारसे मी पुन्हा पुढे केले. चार दिवस खपून केलेले होते, त्याला आवडतात म्हणून. त्याने ताटली हाताने बाजूला सारली. बासुंदीच्या वाटीलाही हात लावला नाही. नुसता वरणभात जेवला.

"नको का आता आमचं साधं गोड? विमानातल्या ताटांनी जिभेला चोचले लागलेत."

"पोट भरलंय, ताई," तो म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबईला गेला. मी दारापर्यंत गेले. जिन्याने उतरताना त्याने वळून पाहिलं नाही. अनारसे मी शेजारी वाटून टाकले.

आठ दिवसांनी फोन आला. भांडणाचा विषय त्याने काढला नाही. तो कधीच काढत नसे.

"ताई, विमानाने नको येऊस. पण कोलकात्याला ये. गाडीने ये, बैलगाडीने ये. पंधराला दुपारी दीड वाजता मी तिथे उतरतो. तू विमानतळाच्या दाराशी उभी राहा, एवढंच."

"आहे काय कोलकात्यात एवढं?"

"येतेस का?"

"येते. गाडीने."

"गाडीनेच," तो म्हणाला.

मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. वाटलं, आलं गाडं रुळावर. चौदाला सकाळी मी भुसावळला गाडीत बसले. ती पंधराला सकाळी आठला हावड्याला पोचणार होती. विमानतळ गाठायला साडेपाच तास हातात. डब्यात अनारसे होते, पुन्हा केलेले. म्हटलं, बघू आता कसा नाही म्हणतो.

दिवसभर खिडकीशी बसून गेले. वऱ्हाडात कापसाची बोंडं अजून झाडावर होती. नागपूरला संत्री घेतली. समोरच्या बाकावर कोणी नव्हतं, म्हणून मी एकटीच त्या रिकाम्या बाकाला सांगत होते की बघ, दिसतं ना सगळं? विमानातून काय दिसतं, ढगाची पाठ. शिरीषला म्हणायची वाक्यं मी अशी जागोजागी तयार करून ठेवत असे.

पंधराला सकाळी सहाला जाग आली तेव्हा गाडी उभी होती. बाहेर एक लहानसं स्टेशन, एकच छप्पर, पलीकडे सालवृक्षांचं जंगल आणि कापणी झालेली भातशेतं. सात वाजले, आठ वाजले. मी खाली उतरले आणि स्टेशनमास्तरच्या खोलीत गेले.

"क्या हुआ, भैया?"

"हाथी है, मैडम. आगे लाइन पर पूरा झुंड है, छोटा बच्चा भी साथ में है. जब तक वो नहीं हटेंगे, गाड़ी नहीं छूटेगी."

मला हसावं की रडावं कळेना. भाताच्या दिवसांत हत्ती जंगलातून शेतात उतरतात, रूळ त्यांच्या वाटेवर आहेत, गाडीनेच थांबलं पाहिजे, हे मी वर्षानुवर्षं वर्गात घसा फोडून सांगत आले होते. आता हत्तींवर चिडायची सोय नव्हती. मी फलाटावर येऊन सिमेंटच्या बाकावर बसले आणि घड्याळ बघू लागले. दहापर्यंत सुटली असती तर कशीबशी पोचले असते.

दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. नंबर अनोळखी.

"कुंदाताई ना? मी अभिलाषा वैद्य, कॅप्टन रणदिव्यांच्या कंपनीची. इथे कोलकात्याच्या विमानतळावर असते. तुम्ही शहरात पोचलात ना? तुमचं नाव दारावर देऊन ठेवलंय. तुम्हाला आत घेणार आहोत, थेट शिडीपाशी. हार आम्ही आणलेत, पण पहिला तुम्ही घालायचा."

"हार कशाला?"



"आज सरांचं शेवटचं उड्डाण आहे ना! तुम्हाला... सरांनी सांगितलं नाही?"

"शेवटचं म्हणजे? तो चोपन्न वर्षांचा आहे!"

"तब्येतीमुळे, ताई. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. माफ करा हं."

मी शिरीषला फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. बंद. साडेदहाची वेळ, विमानाची दारं लागली असणार. दोन फाटकं पुढे, हिरव्यागार सालवृक्षांच्या सावलीत, हत्ती उभे होते आणि त्यांना कसलीही घाई नव्हती.

अनारशाची ताटली मला तेव्हा आठवली. त्याने हाताने बाजूला सारलेली. बासुंदी. नुसता वरणभात. साखर! आमच्या बाबांनाही साखरेचाच आजार होता. घरात एवढं सगळं पाहिलेली मी, आणि त्याला म्हणाले होते की जिभेला चोचले लागलेत.

त्या फलाटावर मी अडीच तास बसले. गाडीतली माणसं उतरून शेकोट्या करत होती, चहा शोधत होती, पोरं हत्ती दिसतात का म्हणून पुलावर चढत होती. सगळे मजेत होते. मला मात्र आयुष्यात कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं. आई गेली, बाबा गेले, तेव्हा शेजारी शिरीष उभा होता. आज त्याच्याकडचं काहीतरी जात होतं आणि शेजारी कोणीच नव्हतं. आणि हे माझ्याच हाताने झालं होतं, रेल्वेच्या नव्हे, हत्तींच्या नव्हे.

एकच्या सुमारास वर बारीक आवाज झाला. आभाळ लख्ख निळं होतं. पश्चिमेकडून एक विमान आलं, नखाएवढं, पांढरं. तेच होतं की दुसरं, देव जाणे. मी बाकावरून उठले आणि फलाटाच्या टोकाला जाऊन दोन्ही हात हलवले. बाबांची गाडी क्वार्टरसमोरून जायची तेव्हा मी आणि शिरीष असेच हात हलवायचो. मागच्या डब्यातून बाबा हिरवी झेंडी दाखवायचे. विमानातून कोण काय दाखवणार? ते पूर्वेकडे गेलं आणि दिसेनासं झालं. एक बाई माझ्याकडे बघत होती. मी हात खाली केले.

त्यानंतर दहा मिनिटांनी आमची गाडी सुटली. हत्ती गेले होते.

पुढे वाटभर रखडत, फोन बंद पडलेला, अशी मी हावड्याला पोचले तेव्हा सव्वासहा झाले होते. दहा तास उशीर. मी पिशव्या घेऊन उतरले आणि विमानतळाची टॅक्सी कुठे मिळते ते विचारायला हमाल शोधू लागले. तेवढ्यात समोर बाकावर शिरीष दिसला. पांढरा शर्ट, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, मांडीवर टोपी, आणि शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले तीन-चार हार. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघत होते.

"दहा तास," तो घड्याळ दाखवत म्हणाला. "आमच्याकडे दोन तास झाले की लोक अंगावर धावून येतात."

मी भर फलाटावर हमसाहमशी रडले. त्याने माझ्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि मला बाकावर बसवलं.

"किती आहे साखर?"

"पुष्कळ. जानेवारीपासून इन्सुलिन. ते सुरू झालं की कॅप्टनच्या खुर्चीत बसता येत नाही. म्हणून आजचं."

"भाऊबीजेला एक शब्द बोलला असतास तर मी आले असते रे. विमानाने आले असते!"

"म्हणून तर नाही बोललो."

"म्हणजे?"

"तू आली असतीस," तो म्हणाला, "मला ठाऊक होतं. आणि मग पोरांसमोर बोलायला उभी राहिलीस की दर वेळी अडखळली असतीस. तुला खोटं बोलता येत नाही, ताई. माझी नोकरी जाणारच होती. तुझं व्रत कशाला घालवायचं?"

"मग तिकीट तरी का दिलंस?"

"विचारून बघावंसं वाटलं," तो म्हणाला. "एवढ्या लोकांना नेलं. घरचं कोणी बसावं, असं वाटलं."

मग मी विचारलं, "माझ्या जागेवर कोण बसलं?"

"कोणी नाही. रद्द केलं नाही मी ते. पहिल्या रांगेतली खिडकी रिकामीच आली."

मी भूगोलाची बाई. रिकामी जागा उडाली काय आणि भरलेली उडाली काय, त्या दिवशी धूर तेवढाच झाला, हे मला सांगायला लागत नव्हतं. त्यालाही माझा चेहरा वाचायला लागत नव्हता.

"आज कोष्टक नको," तो म्हणाला.

मी डोळे पुसले आणि हात पुढे केला. "माझी ओवाळणी दे."

त्याने शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं. तेच, भाऊबीजेचं. दीड महिना खिशात राहून कडा मऊ झाल्या होत्या. मी ते पर्समध्ये ठेवलं, पिशवीतला सगळ्यात कमी चुरगळलेला हार काढला आणि हावड्याच्या फलाटावर त्याच्या गळ्यात घातला. अनारशाचा डबा मात्र पिशवीतच राहू दिला.

त्यानंतर तो भुसावळला सहा वेळा आला, सहाही वेळा मुंबईहून गाडीने. बर्फाच्या थर्मासात इन्सुलिन घेऊन, कुरकुरत, गाडी किती हलते, चहा किती पांचट असतो, याची यादी करत. माझ्यासाठी तो गाडीने यायचा, हे तो कधी बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. दुधीचा, साखर न घातलेला हलवा करायला शिकले. तो पाटावर बसला की म्हणायचा, "आता पगारच नाही, ताई. वास घेऊन बघ." मी हसायची. दर वर्षी ठरवायची की या वेळी म्हणायचं, शिरीष, ते मी बोलायला नको होतं. आणि दर वर्षी तो आधीच विनोद करून मला सोडवायचा, आणि मी सुटायची.

सातव्या वर्षी श्रावणात त्याची मूत्रपिंडं थकली. मुंबईच्या इस्पितळातून मध्यरात्री नव्हे, भर दुपारी फोन आला. मी मिळेल त्या गाडीत बसले, उभी राहून गेले. पोचले तेव्हा सगळं झालं होतं. विमान पकडलं असतं तरी पोचले नसते, असं डॉक्टर म्हणाले. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मी अजूनही विमानात बसलेली नाही. माझं म्हणणं मला आजही खरं वाटतं. या वर्षी भुसावळचा पारा आणखी चढला आणि गल्लीतली दोन कडुलिंबं वाळली. कॉलेजातली पोरं बोलावतात, मी जाते, गाडीची कोष्टकं दाखवते, अडखळत नाही. तेवढं शिरीषने माझ्यासाठी ठेवलं.

ज्या बाईला भाऊ नाही तिने भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. लहानपणी पलीकडच्या क्वार्टरमधल्या काकू गच्चीवर उभ्या राहून ओवाळायच्या आणि आम्ही दोघं जिन्यातून हसायचो. यंदाच्या भाऊबीजेला दिवस मावळल्यावर मी तबक घेऊन गच्चीवर गेले. द्वितीयेची कोर पश्चिमेला खाली आली होती, बारीक, मावळायच्या घाईत. मी कुंकू-अक्षता वाहिल्या, निरांजन ओवाळलं. मनात म्हटलं, ते मी बोलायला नको होतं.

खाली उतरणार तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला. मुंबईकडून येऊन पूर्वेकडे निघालेलं विमान होतं. लाल दिवा लुकलुकत होता. नऊ आणि सात, सोळा वर्षांचं माझं व्रत. त्या फलाटावरची एक दुपार सोडली तर विमान दिसलं की मी दर वेळी तोंड फिरवत आले होते.

मी निरांजनाची वात पुढे सारली, तबक पुन्हा उचललं आणि तो दिवा दिसेनासा होईपर्यंत त्याला ओवाळलं. ओवाळणी तबकात आधीच होती. मऊ कडांचं पाकीट, पहिल्या रांगेतली खिडकी.